सूकमधील खरेदी : भावाची भाषा आणि वस्तूची भाषा

उत्तर आफ्रिकेतील जुन्या शहरांत खरेदीस निघालेल्या परदेशी प्रवाशास एक उपदेश हमखास ऐकावयास मिळतो. दुकानदार जी किंमत सांगेल तिच्या तिसऱ्या हिश्श्यापासून आरंभ करावा, मध्येच एकदा उठून चालू लागावे, आणि निम्म्यावर सौदा पटला तर आपण फसलो नाही असे समजावे. प्रवास-मार्गदर्शिकांतून हा उपदेश इतक्या वेळा छापला गेला आहे की, त्यास आता शास्त्रवचनाची प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हा उपदेश अपुरा तर आहेच, पण घेणारा आणि कारागीर या दोघांच्याही दृष्टीने तो घातक आहे. आणि तो घातक का, हे सांगण्याच्या कामी अर्थशास्त्राइतकेच भाषाशास्त्रही उपयोगी पडते. बाजारातील घासाघीस हे एक संभाषण आहे. त्या संभाषणाला टप्पे आहेत, आणि भाव हा त्यातील उशिराचा टप्पा आहे. आधीचे टप्पे गाळून जो एकदम भावावर येतो, तो वस्तूविषयी काही न ठरवता तिच्या किमतीविषयी भांडत बसतो.

आरंभी 'सूक' या शब्दाविषयी थोडे. सेमिटिक भाषाकुलात हा शब्द फार जुना आहे. अक्कडी भाषेत 'सूकु' म्हणजे रस्ता; अरबीत 'सूक' म्हणजे बाजार; आणि स्पॅनिशमधील 'सोको' हा अरबी शब्दाचाच वंशज होय. रस्ता आणि बाजार यांचे हे नाते मोरोक्कोतील फेस शहर पाहणाऱ्यास निराळे समजावून द्यावे लागत नाही. आठव्या शतकाच्या अखेरीस वसलेल्या या शहराचा जुना भाग, म्हणजे 'मदीना', १९८१ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. त्याच्या गल्ल्यांत मोटार शिरू शकत नाही. माल खेचरांवरून व हातगाड्यांवरून जातो, आणि 'बालक! बालक!' अशी हाकाऱ्याची आरोळी कानी पडली की, पादचाऱ्याने भिंतीला पाठ लावून वाट द्यावयाची असते. या गल्ल्या धंद्यांच्या नावांनी ओळखल्या जातात. अत्तारीन म्हणजे सुगंधी द्रव्ये व मसाले विकणाऱ्यांची, सब्बागीन म्हणजे रंगाऱ्यांची, नज्जारीन सुतारांची, सफ्फारीन तांबटांची. सफ्फारीनच्या चौकातील हातोड्यांचा ठोका ऐकताना पुण्याच्या तांबट आळीची आठवण न होणारा पुणेकर विरळा.

मराठी वाचकास या बाजारात परके वाटू नये असे आणखीही काही आहे. अत्तार, दलाल, सराफ, हमाल, दुकान, माल, किंमत, नफा, रक्कम, वजन, हिशेब हे सारे शब्द मूळचे अरबी आहेत, आणि उच्चाराच्या थोड्याफार फरकाने ते त्या बाजाराच्या भाषेत आजही भेटतात. ते आपल्याकडे आले ते फारसीच्या वाटेने, मोरोक्कोतून नव्हे. तथापि कानास ओळख पटावयाची ती पटतेच. 'फुंदुक' या शब्दाची कथा तर अधिक लांबची आहे. व्यापाऱ्यांनी उतरावयाचे व माल ठेवावयाचे ठिकाण, म्हणजे आपल्या सराईसारखी वास्तू, असा त्याचा अर्थ. तो अरबीने ग्रीकमधून घेतला, अरबीतून पोर्तुगीजांनी उचलला, आणि 'अल्फांदेग' म्हणजे जकातघर या रूपाने पोर्तुगीज अमदानीत तो गोव्यास येऊन पोहोचला. खेड्यापाड्यांतील आठवडी सूक वारांच्या नावांनी ओळखले जातात व त्यांवरून गावांचीही नावे पडली आहेत. 'सूक अल्-अर्बा' म्हणजे बुधवारचा बाजार. बुधवार व शुक्रवार या नावांच्या पेठांतून वाढलेल्यांस ही पद्धती नवीन नाही.

परंतु शब्दांचे साम्य हा येथे मुख्य विषय नव्हे. मुख्य विषय आहे तो बाजारातील बोलण्याच्या घडणीचा, आणि त्याविषयी भाषाशास्त्रातील एक महत्त्वाचा निबंध उत्तर आफ्रिकेच्याच भूमीवर लिहिला गेला आहे. लंडन येथील जे. आर. फर्थ यांच्या परंपरेतील टी. एफ. मिचेल यांनी पूर्व लिबियातील, म्हणजे सीरेनेइका प्रांतातील, खरेदी-विक्रीच्या भाषेवरील आपला निबंध १९५७ साली 'एस्पेरिस' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. (फर्थ हे १९२० नंतरच्या दशकात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते, ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळदा विसरली जाते.) अर्थ हा शब्दात साठवलेला नसून बोलणारे, ऐकणारे, भोवतालच्या वस्तू व घडणारी कृती या सर्वांच्या संदर्भातच तो संभवतो, ही फर्थ यांची भूमिका. तिची परीक्षा पाहावयास बाजारासारखे दुसरे स्थळ नाही. कारण तेथे बोलण्याचा परिणाम लगेच दिसतो. वस्तू हातची जाते किंवा राहते.

मिचेल यांनी बाजारातील लिलाव, बाजारातील इतर व्यवहार आणि दुकानातील व्यवहार असे तीन प्रकार वेगळे केले, आणि लिलाव सोडून उरलेल्या व्यवहारांत पाच टप्पे दाखविले. प्रथम अभिवादन, मग वस्तू विकावयाची आहे काय अशी पृच्छा, मग वस्तूची पारख, त्यानंतर घासाघीस, आणि शेवटी समाप्ती. हे टप्पे दर वेळी सगळेच येतील असे नाही, व प्रत्येक टप्पा शब्दांनीच पार पडेल असेही नाही. पारख पुष्कळदा मुक्याने होते. घेणारा वस्तू उलटीपालटी करतो, बोटाने दाबून पाहतो, उजेडात धरतो. विकणारा गप्प राहतो. आणि तरीही ते संभाषणच असते. पुढे १९८५ साली रुकय्या हसन यांनी व्यवहारांतील संभाषणाच्या रचनेविषयी जी मीमांसा हॅलिडे यांच्यासमवेत लिहिलेल्या ग्रंथात मांडली, तिच्यामागे मिचेल यांचे हे काम उभे आहे. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी हा निबंध मुळातून वाचावा. संभाषण-विश्लेषण हे नाव रूढ होण्याच्या पुष्कळ आधी तो लिहिला गेला आहे.

या पाच टप्प्यांतील तिसरा, म्हणजे पारखेचा टप्पा, आपल्या दृष्टीने कळीचा होय. घासाघीस त्याच्यानंतर येते, आणि घासाघिशीतील वाक्ये बहुधा त्या टप्प्याकडे मागे वळून पाहणारी असतात. कडेची वीण सैल आहे, रंग एकसारखा बसलेला नाही, हे जनावर म्हातारे आहे, असे घेणारा म्हणतो तेव्हा तो भाव पाडीत असतो हे खरे. पण त्याच वेळी तो विकणाऱ्याकडून माहिती काढीत असतो. विकणारा त्या आक्षेपास कसे उत्तर देतो, कोठे थांबतो, कोणता आक्षेप हसण्यावारी नेतो व कोणत्या आक्षेपाने चिडतो, यावरून घेणाऱ्यास वस्तूविषयी काही कळते.

हीच गोष्ट मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी दुसऱ्या मार्गाने सांगितली. फेसच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर सेफ्रू नावाचे गाव आहे. तेथील बाजाराचा अभ्यास करून त्यांनी १९७८ साली एक छोटा लेख व १९७९ साली एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा सिद्धान्त थोडक्यात असा : सूकमध्ये सर्वांत दुर्मिळ माल म्हणजे माहिती. वस्तूचा कस काय, आजचा चालू भाव काय, कोणाकडे काय शिल्लक आहे, यांपैकी काहीही छापलेले वा जाहीर केलेले नसते. म्हणून माहितीचा शोध हाच त्या जीवनाचा गाभा होय. हा शोध दोन रीतींनी चालतो. एक, गिऱ्हाईकी बांधणे, म्हणजे पुनःपुन्हा त्याच विक्रेत्याकडे जाणे; दुसरी, घासाघीस. घासाघिशीतही ते भेद करतात. दहा दुकानांत जाऊन भाव विचारणे हा विस्ताराचा शोध. एकाच माणसापाशी बसून वस्तूच्या सर्व अंगांविषयी प्रश्न करणे हा खोलीचा शोध. सूकमधील जाणते लोक दुसऱ्या रीतीस अधिक महत्त्व देतात. शिवाय घासाघीस केवळ पैशांतच होते असे नाही. पैसे तेच ठेवून प्रमाण वाढविता येते, किंवा कस बदलता येतो. 'याच पैशांत दुसरे चांगले दाखवा' हे आपल्याकडील बाजारातले वाक्य नेमके हेच करीत असते. गीर्ट्झ यांनी बाजारातील मंडळींच्या बोलण्यातून 'क्लाम' म्हणजे बोलणे, 'खबर' म्हणजे वार्ता, यांसारखे शब्द वेचून त्यांचे अर्थक्षेत्र तपासले आहे. त्यांतील 'खबर' तर आपलाच.

माहितीच्या या दुष्काळात विकणाऱ्याच्या शब्दाला भार कसा येतो? तो शपथेने येतो, आशीर्वादाने येतो. देवाचे नाव घेतल्यावाचून येथील व्यवहार पुढे सरकत नाही, आणि अशा वाक्प्रयोगांना बाजारात ठरलेले काम असते. कैरोमध्ये, उदाहरणार्थ, घेणाऱ्याने सांगितलेला भाव विक्रेत्यास मान्य नसेल तर तो 'यिफ्तह् अल्लाह' म्हणजे 'देव दार उघडील' असे म्हणतो. शब्दार्थ आशेचा, व्यवहारातला अर्थ 'नाही' असा. दिवसाच्या पहिल्या विक्रीस, म्हणजे आपल्या भवानीस, तेथे 'इस्तिफ्ताह' म्हणतात. दोन्हींचा धातू एकच, 'उघडणे' हा. मराठीतील 'फत्ते' हा शब्दही त्याच धातूचा. कोशात अर्थ पाहून भाषांतर करणाऱ्यास पहिल्या वाक्यातील नकार कधीच दिसणार नाही. शपथांविषयी म्हणावयाचे तर डेबोरा कॅपचन यांनी बेनी मल्लाल येथील बाजारात केलेला अभ्यास (१९९६) लक्षणीय आहे. पूर्वी पुरुषांची मानली गेलेली बाजारी वक्तृत्वाची शैली, शपथांसह, तेथील विक्रेत्या स्त्रियांनी कशी आपलीशी केली हे त्यांनी दाखविले आहे. ऐकणारा प्रत्येक शपथ खरी मानतो असे नाही. पण शपथ कोणत्या क्षणी घेतली गेली, हे तो लक्षात ठेवतो.

आकड्यांचीही एक गंमत आहे. मोरोक्कोचे अधिकृत नाणे दिरहम. १९६० साली ते पुन्हा चलनात आले व एका दिरहमास १०० फ्रँक असा दर ठरला. परंतु बाजारातील बोलण्यात 'रियाल' हे जुने माप अद्याप टिकून आहे. एका दिरहमाचे २० रियाल. म्हणून कोणी शंभर रियाल म्हटले तर मागणी पाच दिरहमांची असते. रियालाचे नाणे कोणाच्या खिशात नाही, ते केवळ जिभेवर आहे. आपल्याकडे १९५७ साली दशमान नाणी आली, तरी चार आणे व बारा आणे हे शब्द पुढे कित्येक दशके चालू राहिले, तद्वतच हे होय. अरबी अंक पाठ करून आलेला हौशी प्रवासी येथे हटकून गोंधळतो. अर्थात त्याच्याशी रियालांत बोलण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. त्याच्याशी दिरहमांत किंवा युरोंत बोलतात, आणि तेथेच त्याची जागा ठरून जाते.

आता स्मृतिवस्तू खरेदी करणाऱ्या प्रवाशाकडे वळू. २०२४ साली मोरोक्कोस १ कोटी ७४ लाख प्रवासी आले. त्यांतील परदेशी पर्यटकांपैकी फारच थोड्यांस अरबी वा तामाझिग्त भाषा येत असणार. याउलट विक्रेत्यास फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रजी, आणि गरज पडल्यास हिंदी चित्रपटांतील दोन वाक्येही येतात. वरवर पाहता संभाषणाची सोय उत्तम आहे. परंतु विक्रेत्याने ज्या परभाषा आत्मसात केल्या आहेत त्या भावाच्या भाषा आहेत. अभिवादन, कौतुक, किंमत, 'शेवटची किंमत', आणि निरोप, एवढा त्यांचा पल्ला. प्रवाशाचेही तसेच. वीण, रंग, भाजणी, कमावणी यांविषयी प्रश्न करण्याइतके शब्द त्याच्यापाशी मातृभाषेतदेखील नसतात. परिणामी मिचेल यांच्या पाच टप्प्यांतील तिसरा टप्पा गळून पडतो. अभिवादनावरून गाडी थेट घासाघिशीवर येते.

याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतला असल्याने तो येथे नमूद करण्यास संकोच नाही. २०१९ च्या मार्च महिन्यात एका परिसंवादाच्या निमित्ताने मोरोक्कोस जाणे झाले. तेथे एका दुकानात निळसर झळाळीचा एक पलंगपोस मनात भरला. 'सब्रा' आहे, असे विक्रेता म्हणाला. आणि पुढे इंग्रजीत, 'म्हणजे निवडुंगाचे रेशीम'. त्याने एक धागा काढून काडीने पेटविला. धागा वितळला नाही, गोळा झाला नाही, जळक्या कागदाचा वास येऊन राख झाली. 'पाहा, प्लास्टिक नाही.' मागणी ९०० दिरहमांची होती, सौदा ४०० वर पटला, आणि मार्गदर्शिकेतील उपदेश तंतोतंत पाळल्याच्या समाधानात मी मुक्कामी परतलो. भारतात आल्यावर वस्त्रशास्त्र जाणणाऱ्या एका स्नेह्यांनी तो धागा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितले की, हा व्हिस्कोज आहे. कारखान्यात तयार झालेला. जळण्याची परीक्षा? व्हिस्कोज हाही वनस्पतींतील सेल्युलोजपासूनच होतो. तेव्हा तो कागदासारखाच जळणार. त्या परीक्षेने पॉलिएस्टर व नायलॉन वगळले जातात, पण घायपाताचा धागा सिद्ध होत नाही.

येथवर ही साधी फसवणुकीची गोष्ट झाली. भाषाशास्त्रज्ञास रस वाटावा असा भाग पुढेच आहे. मोरोक्कोतील शिंपी व गोंडे-किनारी करणारे कारागीर आपसांत 'सब्रा' म्हणतात तेव्हा त्यांना तो चकचकीत व्हिस्कोज धागाच अभिप्रेत असतो. जेल्लाबा या अंगरख्याच्या किनारीस व बटणांस तो सर्रास वापरतात, आणि त्यात कोणी कोणास फसवीत नाही. शब्द मूळचा वनस्पतीवाचक खरा. (कोरफडीचे अरबी नाव आणि 'धीर' या अर्थाचा शब्द यांचा धातू एकच आहे, आपली 'सबुरी' तीच.) परंतु धंद्याच्या बोलीत तो मूळ अर्थ मागे पडून धाग्याच्या झळाळीचे नाव तेवढे उरले. म्हणजे विक्रेत्याने 'सब्रा' म्हटले ते खरेच होते. खोटे ठरले ते भाषांतर. स्थानिक गिऱ्हाईक त्याच शब्दावर 'कोणती सब्रा? कोठली?' असे विचारते, आणि पारखेचा टप्पा सुरू होतो. मी 'निवडुंगाचे रेशीम' या सुंदर शब्दसंहतीवर थबकलो, आणि विचारले ते 'केवढ्याला'.

असे गिऱ्हाईक बाजारात पुष्कळ झाले म्हणजे काय होते? जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, जेथे विकणाऱ्यास मालाचा कस ठाऊक असतो व घेणाऱ्यास तो ओळखता येत नाही, तेथे घेणारा सरासरी कसाचीच किंमत देऊ करतो; चांगला माल त्या किमतीत परवडत नाही म्हणून बाजारातून उठतो; आणि मग सरासरीही खाली येते. सूकमध्ये हे डोळ्यांनी दिसते. हातोड्याने ठोकून घडविलेले पितळी तबक आणि यंत्राच्या साच्यात दाबून नक्षी उठविलेले तबक शेजारी शेजारी टांगलेले असतात. निम्म्यावर भाव आणला की जिंकलो, असे मानणाऱ्या गिऱ्हाइकास दोन्ही सारखीच. मग ज्या तबकावर कारागिराचे चार दिवस गेले ते दुकानदाराने का ठेवावे? भाव पाडण्याची ही शर्यत अखेर त्या कारागिराच्या मजुरीवर येऊन थांबते. दुकानदाराच्या नफ्यावर सहसा नाही, आणि प्रवाशास दुकानापर्यंत आणणाऱ्या वाटाड्याच्या वाट्यावर तर मुळीच नाही.

कारागीर आणि गिऱ्हाईक यांच्यामधील अंतर हे काही आजचे नव्हे. रोजे ल तूर्नो यांच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या फेसविषयक बृहद्ग्रंथात जुन्या काळच्या बाजाराचे जे चित्र आहे, त्यात 'दल्लाल' ठायी ठायी दिसतो. कारागीर आपला माल, जोडे असोत वा कातडी, त्याच्या हाती देई. तो माल घेऊन दुकानादुकानांपुढून हिंडत चालू बोली ओरडून सांगे, आणि बोली वाढेनाशी झाली म्हणजे मालधन्याकडे येऊन त्याची संमती विचारी. आजही काही सूकांत हा प्रकार पाहावयास मिळतो. आपल्या गुरांच्या बाजारातील दलाल रुमालाखाली बोटे दाबून, म्हणजे करपल्लवीने, भाव ठरवीत; सौदा दोघांपुरता राही. येथील दल्लाल तो चारचौघांत मोठ्याने सांगतो. पण या लिलावात बोली लावणारे दुकानदार मालाचे जाणते असतात. शब्दांनी पारख झाली नाही तरी डोळ्यांनी आणि बोटांनी ती झालेली असते, आणि उत्तम कामास चार पैसे अधिक मिळण्याची शक्यता त्या व्यवस्थेत राहते. कारागिरास येथे 'मअल्लम' म्हणतात, म्हणजे शिकविणारा, गुरू. कच्छी नाखव्यांच्या बोलीतील 'मालम', म्हणजे तारवाचा दिशादर्शक, तो याच शब्दापासून.

पारखेची उणीव शिक्क्याने भरून काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. मोरोक्कोत फ्रेंच अंमल असताना १९१९ साली गालिच्यांवर सरकारी शिक्का मारण्याची व्यवस्था सुरू झाली. प्रॉस्पेर रिकार हे त्या कलाखात्यातील प्रमुख गृहस्थ. त्यांनी १९२३ ते १९३४ या काळात मोरोक्कोतील गालिच्यांचे नमुने चार खंडांत संग्रहित केले. शिक्का मिळावयाचा तो त्या परंपरागत नमुन्यांस व मान्य लोकरीस. ट्युनिशियातही १९५९ साली हस्तव्यवसायांसाठी राष्ट्रीय संस्था निघाली, व गालिच्यांची प्रतवारी तेथे होऊ लागली. या उपायांचा उपयोग झाला नाही असे म्हणता येणार नाही. पण शिक्का म्हणजे गोठविलेली पारख. नमुना एकदा ठरला की विणकर स्त्री त्याबाहेर जाण्यास कचरते, आणि ॲटलस पर्वतातील ज्या गालिच्यांचे सौंदर्य विणताविणता सुचलेल्या फेरबदलात असते त्यांच्यावर अन्याय होतो. शिवाय शिक्काही नकली निघू शकतो. पूर्वी हे काम बाजाराचा निरीक्षक, म्हणजे 'मुहतसिब', आणि प्रत्येक धंद्याचा 'अमीन' ही माणसे करीत. त्यांच्यापाशी तंटा नेता येई, दोन्ही बाजूंनी बोलता येई. १९८२ च्या कायद्याने मोरोक्कोत ही पदे पुन्हा नेमून दिली आहेत. तथापि परदेशी प्रवासी त्यांच्यापर्यंत जाण्याचा संभव अर्थातच थोडा.

मग प्रवाशाने काय करावे? निश्चित किमती लावलेली सरकारी हस्तव्यवसाय-केंद्रे मोरोक्कोतील मोठ्या शहरांत आहेत. तेथे आधी जाऊन, काही न घेता, कारागिरांचे काम पाहत बसणे हा एक मार्ग. गालिचा घ्यावयाचा असेल तर त्याची मागची बाजू पाहावी, कारण गाठी तेथे दिसतात. पितळेचे भांडे उलटे करून हातोड्याचे ठसे पाहावेत. ते हाताचे असतील तर एकसारखे नसतात. पण या युक्त्यांपेक्षा मला दोन शब्द अधिक मोलाचे वाटतात. 'शकून' म्हणजे 'कोण' आणि 'फीन' म्हणजे 'कोठे'. कोणी घडविले, कोठे घडविले, एवढे विचारता येणे, आणि उत्तर अर्धवट समजले तरी ऐकत राहणे. विक्रेत्यास उत्तर ठाऊक नसेल तर तेही लगेच कळते.

२०२३ साली पुन्हा फेसला जाण्याचा योग आला, तेव्हा सफ्फारीनच्या चौकात एका वृद्ध मअल्लमापाशी मी तासभर बसलो. माझी अरबी पुस्तकी, त्याची फ्रेंच मोडकी; दोघांची मिळून एक भाषा जेमतेम होत होती. कोणी घडविले, असे विचारल्यावर त्याने उत्तरादाखल स्वतःचा उजवा तळहात पुढे केला. मग एक लहान तबक उलटे करून ठोक्यांच्या रांगा बोटाने दाखविल्या, एके ठिकाणी रांग चुकली होती तीही दाखविली, आणि शेजारच्या दुकानातील साच्याचे तबक आणून त्याची पाठ माझ्यापुढे धरली. ती गुळगुळीत होती. दोन्ही तबके त्याने आळीपाळीने नखाने वाजविली. किंमत मी सगळ्यांत शेवटी विचारली. त्याने सांगितली, मी थोडी कमी म्हटली, तो थोडा खाली आला. हे सगळे मिनिटभराचे काम. कागदात गुंडाळून तबक हाती देताना तो म्हणाला, 'ब्-स्सह्हा'. नवी वस्तू घेणाऱ्यास आरोग्य चिंतण्याचा हा तेथील शब्द होय. चार वर्षांपूर्वी पलंगपोस घेताना हाच शब्द ऐकून मी नुसते हसलो होतो. या वेळी त्याचे ठरलेले उत्तर मला ठाऊक होते. 'अल्लाह यअतीक् स्-सह्हा', मी म्हणालो. आणि तो पुन्हा हातोडा उचलून कामास लागला.